ऑपरेशननंतर सीए १९-९ वाढला म्हणजे नक्की काय समजायचं

तुम्ही आकडे नीट दिलेत त्यामुळे बोलणं सोपं झालं. बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तुमचे वडील ६२ वर्षांचे, जठराच्या खालच्या टोकाला कॅन्सर निघाला, आधी फ्लॉट नावाच्या केमोचे चार डोस, मग ऑपरेशन, मग परत चार डोस. केमो सुरू व्हायच्या आधी रक्तातल्या दोन ट्यूमर मार्करपैकी सीईए ८.४ होता आणि सीए १९-९ होता २१२. ऑपरेशननंतर पाच आठवड्यांनी केला तेव्हा ३.१ आणि १९. सगळी केमो संपल्यावर १९-९ आला ३१, आणि आता पाच महिन्यांनी गावाजवळच्या दुसऱ्या लॅबमध्ये केला तर ५४. सीईए ३.६. रिपोर्टवर ५४ च्या पुढे लाल अक्षरात ‘हाय’ छापलंय आणि त्या रात्रीपासून घरात कुणी धड झोपलेलं नाही असं तुम्ही लिहिलंय. तीन प्रश्न विचारलेत, कॅन्सर परत आलाय का, बाबांकडे किती दिवस आहेत, आणि उद्याच पेट स्कॅन (साखरेसारखं औषध टोचून गाठ चमकताना शोधणारा स्कॅन) करून टाकू का.

मी २२ वर्षं पोटाच्या कॅन्सरची ऑपरेशनं करतोय आणि हा प्रश्न ओपीडीत जवळजवळ दर आठवड्याला येतो, आकडे वेगळे पण चेहऱ्यावरची भीती तीच. बाबांना मी तपासलेलं नाही, स्कॅन बघितलेले नाहीत, म्हणून जिथे ‘अवलंबून आहे’ असं लिहीन तिथे खरंच अवलंबून आहे, टाळायचं म्हणून लिहिलेलं नाही.

आधी एक गुंता सोडवू. तुमच्या मनात दोन प्रश्न एकात एक अडकलेत. एक आयुष्याचा, म्हणजे ऑपरेशननंतर माणूस किती वर्षं काढेल. दुसरा आजचा, म्हणजे आत्ता पोटात काही चालू आहे का. मार्कर दोन्हीकडे थोडं थोडं सांगतो पण दोन्ही वेळेला तो वेगळ्या पद्धतीने वाचावा लागतो. पहिल्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर ऑपरेशनच्या दिवशी काढलेल्या जठराच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये आहे. दुसऱ्याचं उत्तर एका आकड्यात कधीच नसतं, ते ओळीने घेतलेल्या तीन-चार आकड्यांत असतं, आणि ते सुद्धा एकाच लॅबच्या.

हे मार्कर म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण अर्धी भीती नावामुळेच आहे. ट्यूमर मार्कर म्हटलं की वाटतं हे फक्त ट्यूमरच बनवतो. तसं नाहीये. सीईए १९६५ साली कॅनडात माँट्रियलला फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांना मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये सापडला, गर्भातल्या बाळाच्या आतड्यातही तो असतो म्हणून नावात ‘एम्ब्रिऑनिक’ आलं. सीए १९-९ वर फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये कोप्रोव्स्की यांच्या टीमने १९७९ च्या सुमारास काम केलं, तेही आतड्याच्याच कॅन्सरवर. म्हणजे दोन्ही मुळात जठराचे नाहीतच, आपण ते जठरासाठी उसने घेतलेत. तिसरा सीए ७२-४, तो जठराला त्यातल्या त्यात जवळचा पण आपल्याकडे सगळीकडे होत नाही. आणि हे सगळे पदार्थ निरोगी शरीरातही थोडे थोडे असतात, पित्तनलिकेच्या, स्वादुपिंडाच्या, आतड्याच्या आतल्या थरातून येतात.

जपानमध्ये जठराचा कॅन्सर खूप, त्यामुळे यावरचा अनुभवही त्यांच्याकडेच जास्त. त्यांच्या गॅस्ट्रिक कॅन्सर असोसिएशनने २०१४ साली आधीचे सगळे अभ्यास एकत्र करून बघितले तर जठराचा कॅन्सर असलेल्या शंभर जणांत सीईए वाढलेला साधारण २१ जणांत, १९-९ वाढलेला २८ जणांत आणि ७२-४ ३० जणांत. हे आकडे नीट डोक्यात ठेवा. कॅन्सर समोर दिसतोय तरी कुठलाही एक मार्कर घेतला तर शंभरातल्या सत्तर किंवा त्याहून जास्त लोकांचा तो नॉर्मल! म्हणून ‘मार्कर नॉर्मल आलाय म्हणजे काही नाही’ हे वाक्य मी कधीच बोलत नाही, आणि कॅन्सर शोधायला म्हणून निरोगी माणसाने हे टेस्ट करू नयेत असं जे सांगतात ते याच कारणाने. पॅकेजमध्ये फुकट मिळाला म्हणून केलेल्या सीईएने किती घरांची झोप उडवली ते मी बघितलंय.

अजून एक गोष्ट, ही बऱ्याच डॉक्टरांच्याही लक्षातून निसटते. १९-९ हा साखरेच्या एका साखळीवर मोजला जातो आणि ती साखळी बनवायला रक्ताचा लुईस नावाचा गट लागतो. शंभरात पाच ते दहा लोकांत तो गट नसतो, त्यांचं शरीर १९-९ बनवूच शकत नाही. त्यांचा आकडा कायम एक-दोनच्या खाली, पोटभर कॅन्सर असला तरी. तुमच्या बाबांचा सुरुवातीला २१२ होता, म्हणजे ते त्या गटात नाहीत आणि त्यांच्या गाठीला १९-९ बनवता येत होता. हे आपल्या दृष्टीने कामाचं आहे. ज्याचा मार्कर गाठीबरोबर वाढला होता आणि गाठ काढल्यावर उतरला त्याच्यातच पुढे तो बघत राहण्यात अर्थ असतो. ज्याचा पहिल्यापासून ९ होता त्याचा दर तीन महिन्यांनी करून मला काय मिळणार, मी पूर्वी सगळ्यांनाच सरसकट लिहून द्यायचो, आता आधी पहिला रिपोर्ट मागतो. आणि पहिला केलेलाच नसेल तर मग अडचण होते, म्हणून ज्यांचे उपचार अजून सुरू व्हायचेत त्यांनी केमोच्या आधी एकदा सीईए आणि १९-९ करून घ्या, ती पायरी नंतर परत येत नाही.

आता आयुष्याच्या प्रश्नाकडे. ऑपरेशनच्या आधी मार्कर जास्त असेल तर सरासरीने पुढचं आयुष्य कमी, हे खरं आहे, लपवत नाही. पण ते का, हे कळलं की त्यातली निम्मी भीती जाते. मार्कर जास्त असतो कारण गाठ खोल गेलेली असते, आजूबाजूच्या लिम्फ नोड्समध्ये (लसिकाग्रंथींमध्ये) गेलेली असते, कधी लिव्हरला किंवा पोटाच्या पडद्यावर (पोटाच्या आतल्या अस्तरावर) डोळ्याला न दिसणारे कण असतात. म्हणजे आकड्याने सांगितलेली बरीचशी गोष्ट स्टेज आधीच सांगून मोकळी झालेली असते. काही अभ्यासांत स्टेज बाजूला ठेवूनही मार्करचा थोडा वेगळा परिणाम उरतो, काहींत उरत नाही. माझ्यापुरतं मी असं करतो की ऑपरेशनआधी आकडा चांगलाच वाढलेला असेल आणि सीटी स्कॅन मात्र साफ दिसत असेल तर मी त्या साफ स्कॅनवर पूर्ण विश्वास टाकत नाही, आधी दुर्बीण घालून पोटाचा पडदा नीट बघतो, पाणी सोडून ते परत ओढून तपासायला पाठवतो. दोन-तीन वेळा असं झालंय की सीटीत काही नव्हतं आणि दुर्बिणीत पडद्यावर साबुदाण्याएवढे पांढरे ठिपके दिसले, आणि एवढं मोठं ऑपरेशन जे उपयोगाचं झालं नसतं ते टळलं.

पण ऑपरेशनआधीच्या आकड्यापेक्षा मला जास्त बोलका वाटतो तो ऑपरेशननंतरचा. आधी वाढलेला होता आणि नंतर नॉर्मलला आला, अशा लोकांचा पुढचा प्रवास आधी-नंतर दोन्हीकडे वाढलेलाच राहिलेल्या लोकांपेक्षा स्पष्ट चांगला असतो. गाठ पूर्ण काढली असं आपण म्हणतो आणि सहा आठवड्यांनीही आकडा वरच, तर कुठेतरी कारखाना चालू आहे हे धरून चालावं लागतं. तुमच्या बाबांचा २१२ वरून १९ झाला. ही चांगली बातमी होती, आणि तुमच्या मेसेजमध्ये तिला एक अर्धी ओळ मिळालीये आणि ५४ ला बारा ओळी. मी समजू शकतो, पण मला तो १९ विसरता येत नाही.

वेळेबद्दल एक, ऑपरेशननंतर आठव्या दिवशी टाके काढायच्या आधीच मार्कर करून आणणारे नातेवाईक येतात. रक्तातला सीईए निम्मा व्हायलाच काही दिवस लागतात, वर ऑपरेशनची सूज, लिव्हरवरचा ताण, त्यामुळे त्या आकड्यातून काही निघत नाही. चार ते सहा आठवडे थांबायचं, तुमच्याकडे पाच आठवड्यांनी केला ते बरोबर केलं.

मग वर्षं किती? बाबांच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये टी३, एन१ आहे (टी म्हणजे गाठ किती खोल गेली, एन म्हणजे किती नोड्समध्ये गेली), २४ नोड्स तपासले त्यात दोन पॉझिटिव्ह, कापलेल्या कडा साफ. एन१ म्हणजे एक किंवा दोन नोड, सात किंवा जास्त असते तर एन३ झालं असतं आणि मी वेगळ्या सुरात बोललो असतो. २४ नोड्स बघितले गेलेत हेही महत्त्वाचं, किमान १६ तरी तपासले जावेत अशी अपेक्षा असते, त्यापेक्षा कमी असतील तर ‘दोनच पॉझिटिव्ह’ या वाक्यावर भरवसा ठेवता येत नाही कारण बाकीचे कुणी बघितलेच नाहीत. फ्लॉट केमोचा जर्मनीतला मोठा अभ्यास २०१९ साली छापून आला, ७१६ पेशंट होते, त्यात फ्लॉट घेतलेल्यांचं मधलं आयुष्य ५० महिने आलं, जुन्या केमोत ३५, आणि पाच वर्षांनी हयात असणारे अंदाजे शंभरात ४५.

आता हे ‘मधलं आयुष्य ५० महिने’ वाचून लोक कॅलेंडर मोजायला लागतात, कृपा करून तसं करू नका. ५० महिने म्हणजे निम्मे लोक त्याच्या आधी गेले आणि निम्मे त्याच्यानंतरही जगले, त्यातले कितीतरी पाच वर्षांनंतरही जगत होते. त्या ७१६ मध्ये ज्यांचं ऑपरेशनच होऊ शकलं नाही तेही आहेत, ज्यांचे पंधरा नोड्स पॉझिटिव्ह होते तेही आहेत. बाबांचं ऑपरेशन झालं, कडा साफ, नोड्स दोनच, आठही डोस पूर्ण झाले (आठ पूर्ण करणारे निम्म्याहूनही कमी असतात, शरीर साथ देत नाही), मार्कर उतरला. या सगळ्यामुळे ते त्या गर्दीच्या बऱ्या बाजूला उभे आहेत. तरी परत येण्याची शक्यता खरीच आहे, आणि जठराचा कॅन्सर परत आला तर बहुतेक पहिल्या दोन-तीन वर्षांतच येतो, म्हणून आत्ता डोळ्यात तेल घालून बघायचा काळ आहे हेही तितकंच खरं. यापुढे जाऊन ‘इतके महिने’ असं मी सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर त्याला विचारा की कशावरून.

आता तो ५४.

पहिली गोष्ट, लॅब बदलली. १९-९ मोजायची मशीनं आणि किट वेगवेगळ्या कंपन्यांची असतात आणि एकाच माणसाचं एकाच दिवशीचं रक्त दोन मशीनवर टाकलं तर आकडे वेगळे येतात, थोडे नाही, कधी कधी दीडपट-दुप्पट. त्यामुळे जुन्या लॅबचा ३१ आणि नवीन लॅबचा ५४ एका रेघेवर मांडताच येत नाहीत. वजनकाट्याचंही तसंच नाही का, घरच्या काट्यावर ६१ आणि दवाखान्यातल्या काट्यावर ६३ आलं तर आपण दोन किलो वजन वाढलं असं म्हणत नाही.

दुसरी गोष्ट, पित्त. १९-९ पित्तनलिकेच्या अस्तरातून येतो आणि पित्त अडलं, नलिकेला सूज आली, खडा अडकला की तो झपकन वर जातो. आणि जठराच्या ऑपरेशनमध्ये पित्ताशयाकडे जाणाऱ्या नसा बऱ्याचदा कापल्या जातात, पित्ताशय नीट आकुंचन पावत नाही, वर वजन भराभर उतरतं, त्यामुळे या पेशंटमध्ये पित्ताचे खडे इतरांपेक्षा जास्त होतात. एक मास्तर होते माझ्याकडे, ऑपरेशन होऊन चौदा महिने झालेले, १९-९ एकदम १८० आला. मुलगा गाडी करून रात्रीच घेऊन आला, बायकोने वाटेत देवाला नवस बोलून झालेला. मास्तरांना तपासताना खिडकीजवळ उजेडात उभं केलं तर डोळे किंचित पिवळे, विचारलं तर म्हणाले लघवी चार दिवस गडद होतेय पण पाणी कमी पितो म्हणून असेल. सोनोग्राफीत मुख्य पित्तनलिका फुगलेली, एमआरआयमध्ये आत खडा. ऑपरेशनमुळे त्यांच्या पोटातली वाट बदललेली, म्हणून नेहमीची एंडोस्कोपी जमली नाही, बाहेरून लिव्हरमधून सुई घालून वाट मोकळी करावी लागली. सहा आठवड्यांनी तोच १९-९ २२ वर होता. म्हणून ५४ चा विचार करण्याआधी मला बाबांचं बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज आणि जीजीटी किती आहे ते हवंय, आणि ते तुमच्या मेसेजमध्ये नाहीये. ही साधी लिव्हरची टेस्ट त्याच रक्तावर झाली असती.

तिसरी, बाकीची किरकोळ कारणं पण बघून घ्या. शुगर खूप वाढलेली असेल तर १९-९ थोडा वर जातो. स्वादुपिंडाला सूज असेल तर जातो. सीईएचं वेगळं, तो विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत थोडा वरच असतो, लिव्हर बिघडलं तर चढतो, थायरॉइड कमी असेल तरी चढतो, आणि केमो चालू असताना मधेच चढून नंतर आपोआप उतरतो असंही दिसतं, तेव्हा केमोच्या मधल्या आकड्यावर फार विसंबू नये. ७२-४ करत असाल तर गाउटसाठी कोल्चिसिनची गोळी चालू आहे का बघा, तिने तो चांगलाच वाढतो. आणि एक उलटं कारण, केस गळतात म्हणून केमोनंतर बरेच जण बायोटिनच्या गोळ्या घेतात, मोठ्या डोसचं बायोटिन काही मशीनच्या टेस्टमध्ये ढवळाढवळ करतं आणि मार्कर खोटा कमी येऊ शकतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली बायोटिनबद्दल इशारा दिलाय. रक्त द्यायच्या आधी दोन-तीन दिवस बंद ठेवा आणि लॅबवाल्याला सांगा.

एवढं सगळं बाजूला केल्यावर जे उरेल ते गांभीर्याने घ्यायचं. ते कसं, तर जुन्याच लॅबमध्ये, चार आठवड्यांनी परत. तिथे २८ किंवा ३५ आला तर हा विषय संपला, पुढचा तीन महिन्यांनी. ५० च्या आसपास घुटमळला आणि लिव्हरच्या टेस्ट नॉर्मल असतील तर अजून चार-सहा आठवडे थांबून तिसरा आकडा घ्यायचा. पण ५४, मग ९०, मग १५० असा चढत गेला तर तो लॅबचा खेळ नसतो. कॅन्सरमुळे वाढणारा मार्कर सहसा मागे फिरत नाही, सूज-खड्यामुळे वाढलेला वर-खाली होतो. ही ओळख मी पुस्तकात नाही, वह्यांत बघून शिकलो.

वह्यांवरून आठवलं. एक मावशी नवऱ्याला घेऊन यायच्या, त्यांच्याकडे पोराची चौकटीची गणिताची वही होती, पानावर चार रकाने, तारीख, लॅबचं नाव, आकडा आणि वजन. वजन दर सोमवारी गावातल्या रेशन दुकानाच्या काट्यावर, चप्पल काढून. माझ्या कॉम्प्युटरपेक्षा ती वही नीट होती. एकदा मार्कर दोन्ही अगदी नॉर्मल आणि त्या म्हणाल्या, डॉक्टर, आकडा बरोबर आहे पण वजनाचा रकाना बघा, सहा आठवड्यांत चार किलो. एंडोस्कोपी केली तर ऑपरेशनमध्ये केलेला जठर-आतड्याचा जोड आवळला होता, फुग्याने रुंद केला, कॅन्सर नव्हता, माणूस परत भाकरी खायला लागला. मार्करमध्ये अडकलो असतो तर ते निसटलं असतं.

याच्या उलटही घडतं आणि ते मला सांगितलंच पाहिजे. एक बाई होत्या, सिग्नेट रिंग प्रकारचा कॅन्सर, या प्रकारात पेशी सुट्या सुट्या पसरतात आणि पोटाच्या पडद्यावर जायची त्यांची सवय असते. त्यांचे दोन्ही मार्कर पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत नॉर्मल राहिले. आजार परत आला तो ‘दोन घास खाल्ले की पोट फुगतं, साडी कमरेला घट्ट होते’ या वाक्यातून कळला, पोटात पाणी झालं होतं. रक्ताने एका अक्षराने सांगितलं नाही. त्यानंतर मी फॉलोअपला रिपोर्टची फाइल उघडायच्या आधी तीन गोष्टी विचारतो, काय खाता, वजन किती, आणि पँट-साडी कुठे घट्ट-सैल होतेय.

स्कॅनबद्दल. आकडा खरंच चढतोय असं दिसलं तर छाती, पोट आणि ओटीपोटाचा कॉन्ट्रास्टसह सीटी स्कॅन हा पहिला, त्याबरोबर एंडोस्कोपी. थेट पेट नाही. पेटला पैसे जास्त लागतात ते सोडाच, पण सिग्नेट रिंगसारखे प्रकार पेटमध्ये नीट पेटतच नाहीत आणि पडद्यावरचे बारीक कणही निसटतात, मग ‘पेट क्लीन आहे’ म्हणून खोटा धीर मिळतो. उलट ऑपरेशनच्या जागची साधी सूज पेटमध्ये चमकते आणि खोटी भीती मिळते. सीटीत शंका राहिली तर पेट, किंवा मग दुर्बीण, तो निर्णय तिथे बसलेला डॉक्टर घेईल.

आणि तुमच्या मनातली खरी भीती मला माहितीये, चार आठवडे थांबलो आणि तेवढ्यात हातातून गेलं तर? त्या जपानी आढाव्यातच आहे की परत येणाऱ्यांत मार्कर स्कॅनच्या दोन-तीन महिने आधी वाढायला लागतो. ऐकायला छान वाटतं, पण त्याचा दुसरा अर्थ असा की आज पळत जाऊन स्कॅन केला तरी त्यात काही न दिसण्याचीच शक्यता जास्त, मग तुम्ही आकडा वाढलेला आणि स्कॅन साफ अशा मधल्या जागी अडकून बसाल. दोन-तीन महिने आधी कळल्याने माणूस जास्त जगतो का, हा प्रश्न अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये नीट अभ्यास करून विचारला गेलाय, ब्रिटन आणि युरोपात मिळून केलेला, २०१० साली छापून आला. सीए १२५ वाढल्या वाढल्या केमो सुरू केलेल्या आणि त्रास सुरू होईपर्यंत थांबलेल्या, दोन्ही गटांचं आयुष्य सारखंच आलं, आधी सुरू केलेल्यांना केमोचा त्रास मात्र जास्त दिवस सोसावा लागला. तो अवयव वेगळा, औषधं वेगळी, तसंच्या तसं जठराला लावता येणार नाही. पण माझ्या मते चार आठवडे थांबून पक्का आकडा घेण्यात बाबांचं नुकसान होण्याची शक्यता कमी आहे. म्हणूनच जपानी डॉक्टर फॉलोअपमध्ये मार्कर ठेवतात आणि अमेरिका-युरोपच्या गाइडलाइन्स त्यावर भर देत नाहीत, दोघंही आपापल्या जागी विचार करूनच वागतायत.

मी मात्र मार्कर ठेवतो, तुमच्या बाबांसारख्या पेशंटमध्ये, ज्यांचा आधी वाढलेला होता. कारण क्वचित कुणाला लिव्हरमध्ये एकच ठिपका किंवा एखाद-दुसरा नोड असा आटोक्यातला आजार निघतो आणि तिथे वेळेवर कळण्याचा उपयोग होऊ शकतो. शिवाय आता औषधं वाढलीत, गाठीचा तुकडा तपासून हर२, एमएसआय, पीडी-एल१, क्लॉडिन या गाठीतल्या खुणा बघून उपचार ठरतो, पेशंटची तब्येत चांगली असताना कळलं तर ती औषधं पेलतात. म्हणून ऑपरेशनच्या वेळचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) कुठे ठेवलेत ते विचारून ठेवा आणि या टेस्ट झालेल्या नसतील तर डॉक्टरांशी बोला. फक्त एक रेघ मी ओलांडत नाही, स्कॅनवर किंवा तुकड्यात आजार दिसल्याशिवाय नुसत्या आकड्यावर केमो सुरू करत नाही. कुणी करू म्हणालं तर दुसरं मत घ्या, मुंबईला टाटा मेमोरियलला फाइल दाखवून घेता येईल.

तर आत्ता करायचं एवढंच. या आठवड्यात लिव्हरच्या टेस्ट, शुगर आणि पोटाची सोनोग्राफी, त्याला वेळ लावू नका, आणि डोळे पिवळे, थंडी वाजून ताप किंवा उजव्या बरगडीखाली दुखत असेल तर त्याच दिवशी दवाखाना. चार आठवड्यांनी जुन्या लॅबमध्ये सीईए आणि १९-९. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर. बी१२ आणि हिमोग्लोबिन शेवटचं कधी केलं ते बघा, जठर कमी झालं की बी१२ नीट शोषलं जात नाही आणि पायाला मुंग्या, थकवा येतो, लोक तो थकवा कॅन्सरचा समजून घाबरतात. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खाणं चालू आहे ना तेही विचारा.

आणि बाबांना सांगितलंय का, हे तुम्ही लिहिलं नाही. लॅबवाले आता रिपोर्ट थेट पेशंटच्या मोबाइलवर पाठवतात, त्यांनी तो लाल शब्द बहुतेक तुमच्या आधी बघितला असेल आणि तुम्ही घाबराल म्हणून गप्प असतील. आज त्यांच्याजवळ बसा आणि सांगा की एक टेस्ट परत करायचीये, लॅब बदलली होती म्हणून. ते खरंच आहे, यात खोटं काही नाही.

पुढचा आकडा आला की इथेच खाली टाका, सोबत बिलिरुबिन, अल्कलाइन फॉस्फेटेज, सोनोग्राफीतली पित्ताशयाची ओळ आणि बाबांचं वजन. मी बघतो.